‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ पुन्हा पुन्हा येतो, त्याला मार्क द्यायचे कसे?

२०२५ च्या जुलैअखेर प्राइम व्हिडिओवर ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ नावाचा नवा सिनेमा आला आणि पहिले काही दिवस रॉटन टोमॅटोजवर त्याला चक्क शून्य टक्के होते, म्हणजे तोवर लिहिलेल्या एकाही समीक्षकाला तो बरा वाटला नव्हता. मग नेहमीचंच, मीम्स, रील्स आणि त्याखाली ठरलेलं भांडण. एक पार्टी म्हणते पुस्तकाची वाट लावली, दुसरी म्हणते पुस्तक वाचलंय कुणी, सिनेमा सिनेमासारखा बघा ना राव. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण आपण कुठली मोजपट्टी लावतोय हे कुणीच सांगत नाही, म्हणून ते भांडण कधी संपत नाही.

ही एकच कादंबरी घेऊ, कारण तिच्यावर इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या पद्धतीनं काम झालंय की शिकायला याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

आणि एक शब्द आत्ताच क्लिअर करून टाकू. सिनेमावरून पुन्हा सिनेमा केला तर तो रीमेक. पुस्तकाकडे परत जाऊन नव्यानं केला तर ते रूपांतर. इथले बहुतेक सिनेमे थोडे हे थोडे ते आहेत, तर मी सरसकट रूपांतर म्हणतो.

आधी पुस्तकात आहे तरी काय

एच. जी. वेल्स हा इंग्लिश लेखक. त्याची ही गोष्ट १८९७ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझीन’मध्ये क्रमशः आली आणि १८९८ ला पुस्तक निघालं. मंगळावरून सिलिंडर येतात, पहिलं लंडनजवळच्या वोकिंग गावाबाहेरच्या माळावर पडतं. आतून मंगळवासी निघतात, तीन पायांची उंच यंत्रं (ट्रायपॉड) चालवतात, उष्णतेच्या किरणांनी माणसं जाळतात, विषारी काळा धूर सोडतात. जगातली सगळ्यात बलाढ्य समजली जाणारी सत्ता काही दिवसांत कोलमडते आणि साठ लाखांचं लंडन जीव मुठीत धरून पळत सुटतं. गोष्ट सांगणाऱ्याला नाव नाही, तो काही हीरो नाही, लपतो, पळतो, उपाशी राहतो आणि बघत राहतो. शेवटी मंगळवासी मरतात ते आपल्या रोजच्या जंतूंमुळे, कारण त्या जंतूंशी लढायची सवय त्यांच्या शरीराला नाही. सैन्यानं एकदोन यंत्रं पाडली असतील, पण लढाई माणूस हरलेलाच असतो.

एवढं वाचून वाटेल की ही एलियनची गोष्ट आहे. आहेच, पण वेल्स पहिल्याच प्रकरणात टास्मानियाचं नाव घेतो. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथल्या मूळ माणसांचा पन्नास वर्षांत कसा सफाया केला ते आठवा आणि मग मंगळवासीयांना क्रूर म्हणा, असं तो आपल्याच इंग्लिश वाचकाला सुनावतो. म्हणजे तुम्ही जगाशी जे केलंत ते तुमच्याशी झालं तर कसं वाटेल, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे.

आपल्यासाठी इथे एक तारीख बघण्यासारखी आहे. ही मालिका छापून येत होती एप्रिल ते डिसेंबर १८९७. त्याच वर्षी २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. कारण प्लेग, म्हणजे जंतूच, आणि प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी लोकांच्या घरात घुसून घातलेला गोंधळ. वेल्सनं पुण्यावरून काही उचललं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण लंडनचा वाचक मासिकातला जो हप्ता चवीनं वाचत होता, त्यातला ‘दारात उभा असलेला परका’ ही पुण्याच्या वाचकाला कल्पना करावी लागणारी गोष्ट नव्हती. त्यामुळे हे पुस्तक आपण वाचतो तेव्हा नकळत आपण मंगळवासीयांच्या नाही, टास्मानियाच्या बाजूला बसलेलो असतो.

किती बदललं हे मोजू नका, काय पाडलं ते बघा

फ्लॅटचं रिनोव्हेशन काढलं की कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न हाच असतो, कुठली भिंत पार्टिशनची आहे आणि कॉलम कुठे आहे. पार्टिशन पाडा, किचन हॉलमध्ये घ्या, बाल्कनी आत ओढा, काही होत नाही. कॉलमला हात लावला की वरचे सगळे मजले धोक्यात. रूपांतराला नेमकं हेच लागू पडतं आणि भांडण होतं ते बहुतेक वेळा पार्टिशनवरून.

मग या पुस्तकाचे कॉलम कुठले? माझ्या मते तीन. एक, जो स्वतःला सगळ्यात वरचा समजतो तोच इथे मुंगीसारखा चिरडला जातो. दोन, हे सगळं वाचकाच्या ओळखीच्या गल्लीत आणि त्याच्याच काळात घडतं, कारण वेल्स तेव्हा वोकिंगमध्येच राहत होता, सायकलवरून हिंडून कुठलं घर, कुठला पूल, कुठलं गाव उडवायचं ते बघून ठेवायचा आणि शेजारीपाजारी कागदावर मारून टाकायचा. तीन, शेवटी जिंकतो तो माणूस नाही.

बाकी मंगळ, इंग्लंड, घोडागाड्या, ट्रायपॉडचे पाय, बायको की मुलगी, हे सगळं पार्टिशन. पाय गेले म्हणून रडणारे फॅन्स मला माहीत आहेत, माझंही थोडं मन दुखतं, पण घर पडत नाही.

"पण मूळ पुस्तकाशी प्रामाणिक असणं हाच निकष सोपा नाही का?"

सोपा आहे, पण तो २००५ मध्येच नापास झालाय. त्या एका वर्षात याच पुस्तकावर तीन सिनेमे आले. स्टीव्हन स्पीलबर्गचा टॉम क्रूझवाला, जो सगळ्यांना माहीत आहे. दुसरा असायलम नावाच्या कंपनीचा, जी मोठा सिनेमा येतोय म्हटलं की मिळत्याजुळत्या नावाचा स्वस्तातला सिनेमा काढून मोकळी होते. आणि तिसरा टिमोथी हाइन्स या दिग्दर्शकाचा, थेट डीव्हीडीवर आलेला, जवळजवळ तीन तासांचा, ज्यात काळही जुना, जागाही त्याच, प्रसंगही पुस्तकाच्या क्रमानं.

प्रामाणिकपणा हाच निकष असेल तर हाइन्सचा सिनेमा पहिला यायला हवा. तो बघवत नाही. नट चालतात चालतात आणि चालतच राहतात, आगीचे आणि यंत्रांचे इफेक्ट्स इतके कच्चे की भीतीऐवजी हसू येतं. पुस्तकात जे एका वाक्यात होतं त्याला पडद्यावर चार मिनिटं लागतात, आणि जे वाक्य पुस्तकात अंगावर काटा आणतं त्याचं पडद्यावर काय करायचं याचा विचारच नाही. पाठांतर पक्कं, अर्थ लागलेला नाही.

उलट स्पीलबर्गनं गोष्ट १८९० च्या इंग्लंडमधून उचलून आजच्या न्यू जर्सीत नेली, सिलिंडर काढून टाकले, यंत्रं आधीपासून जमिनीखाली पुरलेली दाखवली (हे मला अजूनही पटत नाही, इतकी वर्षं पाइपलाइन खोदताना कुणाला एकही सापडलं नाही?), निवेदकाच्या जागी घटस्फोटित गोदी कामगार आणला. आणि तरीही पुस्तकाच्या जास्त जवळ तोच आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला चार वर्षं झालेली, अमेरिका म्हणजे सगळ्यात वरची सत्ता, आणि पडद्यावर राखेनं माखलेला बाप घरी येऊन आरशात स्वतःकडे बघतो, ती राख कशाची आहे हे त्याला कळतं, आपल्यालाही कळतं, कुणी बोलत नाही. पळताना छोटी मुलगी विचारते, हे अतिरेकी आहेत का? पहिला कॉलम जागेवर, दुसराही जागेवर.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीला मुलाचा होमवर्क राहिलेला असतो, त्याचा विषय काय, तर फ्रेंचांनी अल्जीरियावर केलेला कब्जा. बस, एवढंच. वेल्सनं टास्मानिया तोंडावर मारला होता, स्पीलबर्गनं तो मुलाच्या होमवर्कमध्ये लपवला.

एकच सीन घ्या आणि सगळीकडे बघा

मला विचाराल तर रूपांतर तपासायची सगळ्यात भारी ट्रिक ही, की पुस्तकातला एक अवघड प्रसंग धरायचा आणि प्रत्येकानं त्याचं काय केलं ते बघायचं. या पुस्तकात तो आहे पडक्या घराचा.

पुस्तकात निवेदक आणि एक पाद्री पडलेल्या घरात अडकतात, बाहेर खड्ड्यात मंगळवासीयांचा तळ. दोन आठवडे. हा पाद्री आधीपासूनच खचलेला आहे, चर्चं जळाली, आम्ही असं काय पाप केलं होतं म्हणून विचारत राहतो, आणि निवेदक त्याला म्हणतो की देव काय तुझ्या गावाचा विमा एजंट आहे का. घरात अन्न संपत चाललंय, पाद्री खात सुटतो, रडतो, आणि एके दिवशी मोठमोठ्यानं ओरडायला लागतो. आवाज बाहेर गेला तर दोघंही मेले. निवेदक मांस कापायचा सुरा उचलतो, शेवटच्या क्षणी पातं फिरवून दांड्याकडून घाव घालतो, पाद्री पडतो. मग भिंतीच्या भगदाडातून लांब धातूची सोंड आत येते आणि त्याला ओढून घेऊन जाते. निवेदक कोळशाच्या खोलीत लपतो आणि ती सोंड चाचपडत येऊन त्याच्या बुटाच्या टाचेला लागते.

आता १९५३ चा सिनेमा, जॉर्ज पाल निर्माता, बायरन हॅस्किन दिग्दर्शक, स्थळ कॅलिफोर्निया. घर आहे, आत येणारी सोंड आहे, टोकाला तीन रंगांचा डोळा आहे, एका सीनमध्ये मंगळवासीयाचा हात नायिकेच्या खांद्यावर येतो तो आजही दचकवतो. पण आत पाद्री नाही. आत आहेत देखणा शास्त्रज्ञ आणि देखणी नायिका, आणि नायक कुऱ्हाडीनं तो डोळा तोडून प्रयोगशाळेत घेऊन जातो. म्हणजे जिथे पुस्तकातला माणूस आतून मोडतो तिथे सिनेमातला माणूस पुरावा गोळा करून बाहेर पडतो. आणि पाद्री? तो आधीच येऊन गेलेला असतो, धीरोदात्त, हातात बायबल घेऊन प्रार्थना म्हणत यंत्राकडे चालत जाणारा आणि जळून हुतात्मा होणारा. भेकड पाद्रीचा संत झाला. शेवटी लोक चर्चमध्ये जमलेले असतात आणि तेव्हाच यंत्रं कोसळतात, त्यामुळे मेले जंतूंनीच, पण बघणाऱ्याला वाटतं प्रार्थनेला फळ आलं. (देवाच्या योजनेतले क्षुद्र जीव वगैरे भाषा वेल्सच्या पुस्तकातही आहे, पण तिथे ती उपाशी, अर्धवट भ्रमिष्ट माणसाच्या तोंडी येते, तिच्यामागे प्रार्थनासंगीत वाजत नाही.)

स्पीलबर्गकडे तळघर आहे. इथे पाद्री आणि पुस्तकातला बढाईखोर तोफखान्याचा सैनिक एकत्र करून ओगिल्वी नावाचा एक माणूस केलाय, हे नावही पुस्तकातल्याच एका खगोलशास्त्रज्ञाचं. तो भुयार खोदत आरडाओरडा करायला लागतो. बाप मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, तिला कान झाकून गाणं म्हणायला सांगतो, आत जातो आणि दार लावून घेतो. कॅमेरा मुलीवर राहतो. आत काय झालं ते दिसत नाही, दार उघडून तो बाहेर येतो, शेजारी बसतो, संपलं. पात्रं वेगळी, देश वेगळा, शंभर वर्षं मध्ये गेलेली, आणि तरी प्रसंग तोच: साधा माणूस जगण्यासाठी काय करून बसतो. मला तर वाटतं दार बंद करून त्यानं तो पुस्तकापेक्षा जड केला.

"शेवट मात्र फसवाच ना? आपोआप मरतात!"

ही तक्रार २००५ ला थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांनी केली असेल. पण शेवट आयत्या वेळचा नाही. वेल्स जीवशास्त्र शिकलेला होता, टी. एच. हक्सलीच्या हाताखाली. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की मंगळवासी आपल्याला निरखत होते, जसा एखादा माणूस सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव निरखतो. म्हणजे जंतू पहिल्या ओळीत, जंतू शेवटच्या प्रकरणात. दुसऱ्यांना जंतू समजणारे जंतूंनीच मेले. सिनेमाचं काम इतकंच असतं की ही पहिली ओळ प्रेक्षकाच्या डोक्यात नीट बसवायची. १९५३ आणि २००५ दोघांनीही सुरुवातीला निवेदन ठेवून प्रयत्न केलाय, पण मध्ये इतका धुमधडाका होतो की शेवटी ते आठवतच नाही.

दुसरी तक्रार, स्पीलबर्गच्या शेवटी सगळं कुटुंब जिवंत, टिपिकल हॉलिवूड. अर्धीच खरी. पुस्तकातही निवेदकाला मेली असं समजलेली बायको शेवटी घरी जिवंत भेटते. पण मुलगा आगीच्या लोळात जाऊन बॉस्टनला आजीच्या दारात सहीसलामत उभा, हे मात्र फारच झालं. गंमत म्हणजे त्या दारात उभे असलेले आजीआजोबा म्हणजे १९५३ च्या सिनेमातलेच नायक-नायिका, जीन बॅरी आणि ॲन रॉबिन्सन.

"मग जुना काळ तसाच ठेवला तर उत्तमच की"

२०१९ मध्ये बीबीसीनं तीन भागांत तेच केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड, कपडे सुंदर, वोकिंग म्हणजे वोकिंग. कागदावर बघितलं तर सगळ्यांच्या पुढे. पण वेल्सच्या वाचकासाठी ते ‘आज’ होतं आणि आपल्यासाठी ते म्युझियम आहे, त्या टोप्या आणि मिशा बघूनच आपण सुरक्षित होतो, हे आपल्याशी होणार नाही असं आतून वाटत राहतं. वरून कथा दोन काळांत तोडून मधूनमधून लाल, नापीक भविष्य दाखवलं, त्यामुळे काय होणार ही धाकधूकही गेली. पुस्तकाचा काळ पाळला आणि दुसरा कॉलम काढला, असं झालं. मी ही मालिका वाईट म्हणणार नाही, पण तिची भीती वाटत नाही.

२०१९ च्या सुमाराला ही रूपांतरं अचानक का, तर एक कारण कॉपीराइट. वेल्स १९४६ ला गेला. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, म्हणून २०१७ पासून तिथे पुस्तक मोकळं. भारतात ६० वर्षांचा नियम, म्हणजे आपल्याकडे २००७ लाच. २०१९ मध्येच फ्रान्स-ब्रिटनमध्ये घडणारी आणखी एक आधुनिक मालिका आली, गॅब्रिएल बर्नवाली, त्यात पुढे परके म्हणजे माणसांचेच वंशज निघतात. वेल्सची मोजपट्टी तिला लावण्यात अर्थ नाही, तिनं नाव घेतलंय आणि प्लॉट दुसरीकडे बांधलाय.

"पडद्यावरचा पडदा हीच तर चूक होती ना?"

२०२५ च्या सिनेमाकडे येऊ. अख्खा सिनेमा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर घडतो, व्हिडिओ कॉल, कॅमेरे, चॅट. लोकांनी सगळ्यात जास्त थट्टा याचीच केली, आणि मला वाटतं तिथेच ते चुकले. कल्पना चांगली आहे, आणि जुनीही. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सनं (हा पुस्तकवाला वेल्स नव्हे, अमेरिकन नट-दिग्दर्शक) रेडिओवर हीच गोष्ट बातम्यांच्या रूपात केली, चालू संगीत तोडून मध्येच बुलेटिन, न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलमधून थेट वार्ताहर. काही लोक खरंच घाबरले, जरी देशभर हाहाकार उडाला हे पेपरांनी फुगवलं होतं. ते चाललं कारण तेव्हा माणसाला संकट कळायचं रेडिओतून. आज कळतं फोनमधून. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी जगाचं संकट त्याच चौकोनात बघितलं, आणि हा सिनेमा शूट झाला तोही २०२० मध्येच. तेव्हा स्क्रीन हे पार्टिशन आहे, ते हलवायला हरकत नाही.

कॉलम पडला तो वेगळ्याच ठिकाणी. आइस क्यूबनं केलेला नायक सरकारी पाळत खात्यातला, प्रत्येक कॅमेऱ्यात डोकावणारा, मुलीच्या फ्रिजमध्ये काय आहे तेही बघणारा. विचार करा काय संधी होती: सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली धरणारा माणूस, आणि वरून त्यालाच कुणीतरी धरतं! वेल्सची पहिली ओळ आयती हातात आली होती. पण झालं काय, तर तो शेवटपर्यंत सगळं बघू शकतो, सगळ्यांना फोन लावू शकतो, कुठलंही कुलूप उघडू शकतो, जग जळतंय आणि त्याचं वायफाय शाबूत. असहाय कोण मग? आणि शेवटी परके मरतात ते माणसानंच बनवलेल्या कोडनं, जंतूची आयडिया नावापुरती कॉम्प्युटर व्हायरससारखी वापरून. तो कोड असलेला पेनड्राइव्ह पोचवायला अमेझॉनचा ड्रोन लागतो, त्यासाठी आधी रीतसर ऑर्डर टाकावी लागते, ड्रोन उलटा पडतो तर रस्त्यावरच्या बेघर माणसाला तो सरळ करायला हजार डॉलरच्या गिफ्ट कार्डाची ऑफर. सिनेमा प्राइमवर आहे हे विसरायची सोयच नाही.

म्हणजे पहिला आणि तिसरा, दोन कॉलम गेले. आणि तेही खराब इफेक्ट्समुळे किंवा स्वस्तातल्या शूटिंगमुळे नाही गेले.

"जुन्या सिनेमाचे इफेक्ट्स आता हास्यास्पद दिसतात त्याचं काय?"

त्याला फार मार्क कापू नका. १९५३ ची यंत्रं पाय नसलेली, तरंगणारी, मांटा माशासारखी, कारण चालणारे ट्रायपॉड तेव्हा पटण्यासारखे करणं जमत नव्हतं. नंतरच्या काही प्रिंट्समध्ये त्यांना लटकवणाऱ्या वायरीही दिसतात. तरी त्याच सिनेमाला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. आणि त्यानं एक अशी भर घातली जी पुस्तक लिहिलं तेव्हा शक्यच नव्हती: अणुबॉम्ब टाकतात, धूळ खाली बसते, यंत्रं जशीच्या तशी पुढे येतात. १९५३ च्या अमेरिकन प्रेक्षकाला याच्यापेक्षा मोठी थोबाडीत दुसरी नसेल. पुस्तकात नसलेला प्रसंग घालून पुस्तकाचा कॉलम आणखी मजबूत केला, आणि त्याच सिनेमानं शेवटी चर्चमध्ये तो थोडा तासला. एकाच सिनेमात दोन्ही होऊ शकतं, म्हणून "चांगला की वाईट" असा एक आकडा काढणं जरा अवघडच जातं.

पुस्तक वाचलं नसेल तर?

काही अडत नाही. बघताना एवढंच बघा की सिनेमा सुरू होताना सगळ्यात वर कोण आहे आणि संपताना तो कुठे आहे. तो वरच राहिला असेल, आणि तेही स्वतःच्या हुशारीवर, तर तुम्ही बघितलात तो दुसराच काहीतरी सिनेमा होता, कदाचित मजेशीरही असेल, नाव तेवढं वेल्सचं. आणि वाचायचं ठरवलंत तर पुस्तक छोटं आहे, इंग्रजीत फुकट मिळतं, पडक्या घराच्या प्रकरणापर्यंत एका बैठकीत पोचता येतं. आधी पुस्तक, मग २००५, मग १९५३, आणि २०२५ वाला मित्र घरी असतील तेव्हा लावा.